मृगाआधी परसबागेचं खत: पोतं विकत घेण्याआधी गावात एक चक्कर मारा

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो आणि विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्याला पोहोचतो. सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, दोडकी, कारली, चवळी, वाल लावायचे असतील तर आळी (लावणीचे खड्डे) भरायला एवढेच दिवस हाताशी आहेत. नेमकी याच वेळी दुकानांत ‘सेंद्रिय’ छापलेली रंगीत पोती दिसू लागतात. कुंड्यांसाठी ती ठीक. पण भाजीपाल्याला गुंठ्यामागे दोन-अडीच क्विंटल कुजलेलं शेणखत लागतं. तेवढं पोत्यापोत्याने घ्यायचं म्हटलं, तर भाजी बाजारातून आणलेली स्वस्त पडेल.

घरी ढोरं नसतील तर ज्याच्याकडे आहेत त्याच्याशी बंडीचा (बैलगाडीभर खताचा) भाव ठरवा, पण आधी उकिरड्यात फावडं घालून पाहा. वरचा थर नको, तळाचं गेल्या पावसाळ्याआधीचं खत मागा. मुठीत दाबल्यावर ते भुसभुशीत लागलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास राहिलेला नसावा. काडी ओळखू येत असेल तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून तणाचं बी येतं, वाळवी येते आणि हुमणी ही मुळं खाणारी अळीही येते. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली आणि तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ते खत आळ्यात टाकू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा आणि सकाळी कोंबड्या सोडा, त्या तासाभरात निवडून खातात. तरीही शंका असेल तर डबाभर खतात निम्मी माती मिसळून दहा-बारा मेथीदाणे पेरा. आठवड्यात बहुतेक उगवले आणि पानं पिवळी पडली नाहीत, तर सौदा पक्का करा.

शेण कमी आणि काडीकचरा भरपूर, ही आपल्याकडची खरी स्थिती आहे. तिच्यावरचा तोडगाही आपल्याच भागातला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी बसवलेली, थोड्या शेणात भरपूर कचरा कुजवायची नाडेप पद्धत. मूळ टाकं विटांचं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेलं. त्यात चौदा-पंधरा क्विंटल कचऱ्याला शेण फक्त ९० ते १०० किलो लागतं. परसबागेला चार बाय तीन फुटांचं, तीन फूट उंच टाकं पुरे. म्हणजे मूळच्या पाचवा हिस्सा, शेण वीसेक किलो. विटांवरही खर्च करू नका. तुराट्यांचा कूड विणून चारी बाजूंनी उभा करा, हवा आपोआप खेळते.

तळाशी अर्धा फूट कचरा, त्यावर बादलीत कालवलेला शेणाचा पातळ काला, त्यावर दोन घमेली चाळलेली माती. याच क्रमाने काठाच्या वर फूट-दीड फूट ढीग येईपर्यंत भरत जा आणि शेवटी शेणमातीने लिंपा. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून लिंपायचं. सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं कुटार (भुसा), कडुनिंबाचा पाला, घरचा ओला कचरा, सगळं चालतं. पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) मात्र बोटभर तुकडे केल्याशिवाय कुजत नाही. वाळकी बोंडं लागलेली पऱ्हाटी तर घराजवळ रचूच नका, कारण गुलाबी बोंडअळी त्या बोंडांतच उन्हाळा काढते. नवतप्यात ढीग कोरडा पडला की कुजणं थांबतं, म्हणून टाकं झाडाच्या सावलीत करा आणि लिंपणाला भेग दिसली की पाणी शिंपून ती बुजवा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं. आत्ता भरलेलं टाकं सप्टेंबरमध्ये मेथी, पालक, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यांना येईल. या पावसाळ्याला ते पुरणार नाही, त्यासाठी आधी सांगितलेलं कुजलेलं शेणखतच.

ढेपेचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचा, हिशेब वेगळा. सरकीची चांगली ढेप ढोरांच्या तोंडची आहे, ती मातीत घालणं मला पटत नाही. मात्र तेलघाणीवर किंवा ढेपेच्या दुकानात ओल लागून बुरशी धरलेली ढेप पडून असते. ती ढोरांना घालणं धोक्याचं, पण टाक्यात थराथरात घालायला उत्तम, आणि स्वस्तात मिळते. हाताळताना नाकाला रुमाल बांधा. निंबोळी ढेप मात्र विकत घेण्यालायक आहे. वेलाच्या आळ्यात लावणीच्या आठ-दहा दिवस आधी दोन मुठी मिसळली की नत्र मिळतं आणि सूत्रकृमींना (मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींना) आळा बसतो. गांडूळखत घेतलंच तर वजनावर घ्या आणि ओलं चिंब असेल तर परत करा. त्यात ओलावा १५ ते २५ टक्के असावा, त्यापुढे तुम्ही पाण्याचे पैसे देता.

तलावाचा गाळ फुकट मिळतो म्हणून सरसकट आणू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांचा गाळ बरड, मुरमाड जमिनीला लाभतो. भारी काळ्या मातीत तोच गाळ टाकला तर आधीच चिकट असलेली माती आणखी गच्च होते. तिला कुटार आणि कंपोस्टच मोकळं करतं. चुलीची राखही काळ्या मातीत चिमूटभरच. ही माती मुळात विम्लतेकडे (अल्कधर्मीपणाकडे) झुकलेली असते आणि राख तिला आणखी तिकडे ढकलते. औष्णिक वीज केंद्रांची राख भाजीच्या वाफ्यात अजिबात नको, तिच्यात जड धातू असतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात कोंबडीखतही हात राखून वापरा, त्यात क्षार जास्त. तिथे जिप्सम घालायचं असेल तर आधी माती परीक्षण करून घ्या आणि कृषी विज्ञान केंद्रात अहवाल दाखवून मात्रा ठरवा.

पुढच्या वर्षीची निंबोळी ढेप विकत घ्यायची नसेल तर जून-जुलैत निंबाखाली चादर अंथरून ठेवा. पावसात भिजलेली निंबोळी सडते, म्हणून रोज सकाळी वेचायची, गर धुऊन काढायचा, सावलीत खडखडीत वाळवायची आणि गोणपाटाच्या पोत्यात भरून ठेवायची. प्लॅस्टिकच्या पोत्यात तिला बुरशी येते.