सायबर सुरक्षेच्या बातम्यांची स्वतःची वेबसाइट काढायचीय? सुरुवात कुठून करायची ते सांगतो

इंग्रजीत अशा साइट भरपूर आहेत. ब्लीपिंग कॉम्प्युटर २००४ पासून चालू आहे, ब्रायन क्रेब्स हे पत्रकार तर वॉशिंग्टन पोस्ट सोडल्यावर २००९ च्या डिसेंबरपासून एकट्याने स्वतःची साइट चालवतायत आणि २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या साखळीतून लोकांच्या कार्डांचा डेटा चोरीला गेला ही बातमी सगळ्यात आधी त्यांनीच दिली. मराठीत बहुतेक वेळा काय मिळतं, तर लाखो रुपये उडवले असं हेडिंग आणि खाली पोलिसांची प्रेस नोट. पैसे नेमके कोणत्या वाटेने गेले, भोक कुठे होतं, आपल्या बँकेत तेच भोक आहे का, हे कोणी सांगत नाही. हे काम कोणीतरी मराठीत नीट करायला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

वाचक आणि विषय आधी ठरवा

सायबर सुरक्षा एवढा मोठा विषय घेतला तर रोज दुसऱ्यांच्या बातम्या भाषांतर करत बसाल. एकच कोपरा घ्या. मला विचाराल तर सहकारी बँका आणि पतसंस्था, कारण देशात सगळ्यात जास्त नागरी सहकारी बँका आपल्याच राज्यात आहेत, त्यांत सामान्य माणसाचे पैसे आहेत आणि यावर सातत्याने लिहिणारे फारच कमी.

उदाहरण घ्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, क्लोन केलेली (हुबेहूब नक्कल केलेली) कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी काढले गेले, भारतातून अजून अडीच कोटी, आणि सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून (बँका एकमेकींना पैसे पाठवायचे निरोप देतात ती आंतरराष्ट्रीय यंत्रणा) जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळते झाले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. आता यातली खरी बातमी आकडा नाहीये. एटीएममधून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य सिस्टीमपर्यंत पोचलीच नाही, मध्येच मालवेअरने (चोरून घुसवलेल्या प्रोग्रामने) उभा केलेला बनावट स्विच (एटीएमची विचारणा बँकेकडे नेणारी यंत्रणा) तिला परस्पर हो म्हणत होता, ही बातमी आहे. ती कळली की दुसऱ्या बँकेचा आयटीवाला उठून आपला स्विच तपासतो. आणि पुण्याच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा दिली ती २०२३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे तोवर हा विषय पहिल्या पानावरून कधीच गेलेला होता. त्यामुळे पहिल्या दिवसापासून जुन्या प्रकरणांची एक वही ठेवा: एफआयआर कधी झाला, चार्जशीट कधी, पुढची तारीख कधी. लहान साइटला मोठ्या पेपरच्या पुढे जायला ही वही खूप कामाला येते.

बातमी येते कुठून

एक आरएसएस रीडर (वेगवेगळ्या साइटवरच्या नव्या नोंदी एकाच जागी दाखवणारं अ‍ॅप) घ्या आणि त्यात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचना, अमेरिकेच्या सिसा या तशाच सरकारी संस्थेची केईव्ही यादी (ज्या त्रुटींचा खरोखर गैरफायदा घेतला जातोय त्यांची, २०२१ पासून चालू आहे), मायक्रोसॉफ्ट, फोर्टिनेट, सिस्को यांची पॅचची (त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटची) पानं आणि रिझर्व्ह बँकेची दंडाची पत्रकं टाका. ही दंडाची पत्रकं लोक वाचत नाहीत पण कुठल्या बँकेने काय केलं नव्हतं ते त्यात थोडक्यात दिलेलं असतं. बाकी खऱ्या बातम्या माणसांकडून येतात, सिस्टीम अ‍ॅडमिन, ऑडिटर, सायबर पोलीस ठाण्यातले अंमलदार, फसवणूक झालेले लोक, यांच्याशी बातमी नसतानाही बोलत राहायचं.

पडताळणी, इथे घाई नको

टेलिग्रामवर कोणीतरी टाकतो की अमुक बँकेचा दहा लाख ग्राहकांचा डेटा विकायला आहे. हा त्याचा दावा झाला, बातमी नाही. आधी त्याने दाखवलेला नमुना बघा, विकत काहीही घेऊ नका. त्यातले ईमेल हॅव आय बीन पॉन्डवर (ईमेल कोणत्या लीकमध्ये सापडला ते सांगणारी साइट) टाकून बघा, सगळे एकाच जुन्या लीकमध्ये सापडले तर बहुतेक जुनाच माल नवीन नावाने फिरतोय. रेकॉर्डमधल्या तारखा बघा, सगळ्यात नवीन तारीख कधीची आहे, खाते क्रमांकात तेवढेच आकडे आहेत का जेवढे ती बँक देते. मग नमुन्यातल्या काही लोकांना फोन करा. आता गंमत नाही सांगत, आपल्याकडे असा फोन म्हणजे समोरच्याला फ्रॉडचाच फोन वाटणार आणि वाटायलाच हवा, म्हणून स्वतःचं नाव आणि साइटचं नाव सांगा, ओटीपी किंवा पिन विचारणार नाही हे आधीच सांगा, साइटवर दिलेल्या नंबरवर उलटा फोन करा म्हणा, आणि फक्त एवढंच विचारा की या बँकेत तुमचं खातं आहे का. लीकमधला पासवर्ड टाकून लॉगिन होतंय का हे कधीही करून बघायचं नाही, आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये तो गुन्हा होऊ शकतो आणि पत्रकार आहे म्हणून सूट नाही.

हल्ला कोणी केला हे लिहिताना तर दुप्पट सावध राहा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. पुढच्या वर्षी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीचा चिनी हॅकर गटाबद्दलचा अहवाल आला, राज्याचे गृहमंत्री घातपाताची शक्यता बोलले, केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले मानवी चूक. आणि त्या अहवालात स्वतःच लिहिलं होतं की वीज जाण्याशी संबंध सिद्ध झालेला नाही. ते एक वाक्य कितीतरी हेडिंगांतून गळून पडलं. मूळ अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि कोण काय म्हणालं, कशाच्या आधारावर, हे वेगवेगळं लिहा.

छापायच्या आधी संस्थेला लेखी विचारा, उत्तराला ठरावीक वेळ द्या. त्रुटी अजून उघडी असेल तर आधी संस्थेला आणि सर्ट-इनला कळवा, ती बुजेपर्यंत तपशील थांबवा. गुगलचं त्रुटी शोधणारं पथक, प्रोजेक्ट झीरो, त्रुटी बुजवायला साधारण ९० दिवस देतं, तो अंदाज धरायला हरकत नाही. लीक झालेल्या डेटाची लिंक कधीच द्यायची नाही, स्क्रीनशॉटमधली नावं नंबर पूर्ण झाकायचे, ब्लर नाही, काळी पट्टी.

साइट उभी करणं

हा भाग सोपा आहे. डोमेन (साइटचा पत्ता) घ्या, साइट चालवायला वर्डप्रेस किंवा घोस्ट. घोस्ट छान आहे पण त्याचं पैसे घेणं स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीवर चालतं आणि भारतात स्ट्राइपचं नवीन अकाउंट सहज मिळत नाही, म्हणून वर्गणी घ्यायची असेल तर वर्डप्रेस आणि रेझरपे (भारतातली तशीच कंपनी) बरं पडतं. प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) कमीत कमी ठेवा. अ‍ॅडमिन, ईमेल आणि डोमेनच्या अकाउंटला सिक्युरिटी की (लॉगिन करताना जोडायची छोटी किल्ली) लावा, एसएमएसच्या ओटीपीवर राहू नका, डोमेन गेलं तर साइटही जाते आणि तिच्या नावाने येणारे ईमेलही. बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे ठेवा.

तुम्ही गुन्हेगारांबद्दल लिहिणार म्हणजे हल्ला होणार हे धरून चाला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये क्रेब्स यांच्या साइटवर ती बंद पाडायला सुमारे ६२० गिगाबिट प्रति सेकंद एवढ्या खोट्या ट्रॅफिकचा मारा झाला, फुकट संरक्षण देणाऱ्या अकामाई कंपनीने हात वर केले, शेवटी गुगलच्या प्रोजेक्ट शील्ड या अशा माऱ्यापासून वाचवणाऱ्या सेवेने साइट सांभाळली. प्रोजेक्ट शील्ड बातम्यांच्या साइटना मोफत आहे, अर्ज आधीच करून ठेवा.

माहिती देणाऱ्यांसाठी सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपचा नंबर द्या, तोही तुमच्या रोजच्या सिमचा नको, आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू ठेवा. ऑफिसच्या फोनवरून किंवा वायफायवरून संपर्क करू नका हे संपर्काच्या पानावर ठळक लिहा, कारण सिग्नलमुळे मजकूर लपतो पण ऑफिसच्या फोनमध्ये सिग्नल टाकलंय हे आयटीवाल्याला दिसू शकतं.

कायदा

२०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे डिजिटल बातम्या देणाऱ्यांनी माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती द्यायची असते. याच नियमांतल्या काही कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती, म्हणून आज नेमकं काय लागू आहे ते वकिलाला विचारूनच सुरुवात करा. बदनामी भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ मध्ये आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पत्रकारांसाठीची सूट, जी आधीच्या मसुद्यांत होती, ती राहिली नाही, तेव्हा लोकांचा डेटा गरजेपेक्षा एक दिवसही जास्त साठवू नका.

पैसा

पहिलं वर्ष नोकरी सोडू नका. अँटिव्हायरस आणि फायरवॉल विकणाऱ्या कंपन्या लवकरच येतील, प्रायोजित लेख देतो म्हणतील, परदेश दौरा देतो म्हणतील. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांचे पैसे घेतले की त्यांच्या प्रॉडक्टमधल्या त्रुटीची बातमी लावताना हात अडखळतो आणि वाचकाला ते कळतं. अमेरिकेत चार पत्रकारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ४०४ मीडिया स्वतःच्या मालकीची काढली, ती मुख्यतः वाचकांच्या वर्गणीवर चालते. आपल्याकडे महिना पन्नास-शंभर रुपये यूपीआयने देणारे वाचक हळूहळू जमतात. बातमी सगळ्यांना फुकट ठेवा, वर्गणी देणाऱ्यांना महिन्यातून एकदा ऑनलाइन बसून त्यांच्या पतसंस्थेचे, हाउसिंग सोसायटीचे, दुकानाचे प्रश्न सोडवून द्या. आणि प्रत्येक फसवणुकीच्या बातमीखाली १९३० हा हेल्पलाइन नंबर द्यायला विसरू नका, पैसे गेल्यावर पहिल्या तासात तिथे फोन गेला तर रक्कम पुढे जायच्या आत गोठवता येण्याची शक्यता खूप वाढते.