घरातल्या फुलझाडांवर पांढरे दिसले तर काय करावे

जास्वंदीच्या शेंड्याला पांढरे काही चिकटलेले दिसले की आपण त्याला बुरशी म्हणून मोकळे होतो. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या गच्चीवर मीही तसेच समजून दोन आठवडे गंधक फवारले. तोवर देवपूजेसाठी राखलेल्या कळ्या उमलण्याआधीच गळून गेल्या, कारण ती बुरशी नव्हे, कीड होती. म्हणून औषध आणण्यापूर्वी पाच मिनिटे झाडापाशी बसावे.

सकाळच्या उजेडात पान उलटसुलट करून पाहावे आणि पांढरा भाग बोटाने चोळावा. पिठासारखी भुकटी बोटाला लागली आणि कोवळ्या पानांवर, कळ्यांच्या देठांवर गोलसर डाग पसरलेले असतील, तर ती भुरी होय. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार जिची धास्ती घेतात त्याच वर्गातला हा रोग आहे. कापसाचे पुंजके पानांच्या बेचक्यात दडलेले असतील आणि दाबताच पिवळसर किंवा तांबूस ओल बोटाला लागत असेल, तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. मुंग्यांची ये-जा, खालच्या पानांवरचा चिकटा आणि त्यावर धरलेली काजळी या त्याच्या खुणा आहेत. चोळूनही न निघणारे, थेंब वाळल्यावर उरतात तसे वळे असतील, तर ते पाण्यातले क्षार आहेत.

पिठ्या ढेकणाच्या उपचारात चिकाटी लागते. प्रथम ती कुंडी इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी. फार माखलेले शेंडे छाटून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. नुसते कचऱ्यात टाकले तर पिल्ले रांगत परत येतात. उरलेल्या पुंजक्यांवर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवावा. मेण विरघळून आतली गुलबट कीड उघडी पडते. नंतर 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि 1 ते 2 मिली सौम्य द्रव साबण घालून, चांगले हलवून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. आधी गंधक मारलेले असल्यास मात्र तेलापूर्वी किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पाने करपतात. मादीच्या कापसाळ पिशवीत शेकडो अंडी असतात आणि त्यांच्यापर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून दर 7-8 दिवसांनी किमान तीन फवारण्या कराव्यात. मुंग्या या किडीला राखतात, तेव्हा त्यांची वाटही बंद करावी. तरीही झाड सुकतच राहिले, तर कुंडीतून काढून मुळे पाहावीत. तिथेही पांढरे पुंजके सापडतात.

एक सावधगिरी मनापासून सांगावीशी वाटते. पुंजक्यांमध्ये लांब पांढऱ्या झालरीची, आकाराने मोठी आणि चपळ अळी दिसली, तर तिला मारू नये. ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची असू शकते आणि मिलीबग हेच तिचे खाद्य आहे.

भुरी आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, गार रात्री आणि कोरडे दिवस सुरू झाले की गुलाबावर हटकून येते. तिला पान ओले असण्याची गरज नसते. रोगट पाने काढून कुंड्या मोकळ्या हवेत, अंतर राखून ठेवाव्यात आणि पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात फवारावे. दुपारचे तापमान 32 अंशांपुढे जात असेल, तर गंधक टाळावे.

क्षारांना औषध लागत नाही. दहा भाग पाण्यात एक भाग व्हिनेगर मिसळून, त्यात भिजवलेल्या फडक्याने पाने हलकेच पुसून साध्या पाण्याने धुवावीत. मातीवरचा पांढरा पापुद्रा खरवडून काढावा आणि कुंडीच्या खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहू द्यावे. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात गच्चीच्या पन्हळीखाली पिंप ठेवून, जाळीचे झाकण लावून पाणी साठवावे आणि पानांवर फवारण्यासाठी तेच वापरावे.