सांगलीतून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला जाताना: शेतीचं उत्पन्न, नाव आणि खिडकीवरची तीन मिनिटं

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी व्हिसाची मुलाखत बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत उरकते. काचेपलीकडचा अधिकारी तुमची फाइल उघडेलच असं नाही. त्याच्या स्क्रीनवर तुमचा डीएस-160, म्हणजे ऑनलाइन भरलेला व्हिसा अर्जाचा फॉर्म असतो आणि त्याला तुमची उत्तरं ऐकू येत असतात. या दोन्हींत फरक पडला की संशय सुरू होतो. त्यामुळे कागदांचा गठ्ठा जमवण्याआधी फॉर्म नीट करा.

फॉर्म एजंटने भरला असला तरी सबमिट करण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. भरायला कोणी मदत केली, हाही प्रश्न त्यात असतो; त्याचं खरं उत्तर द्या. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात, आणि जून 2025 पासून ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. अमेरिकेत मावसभाऊ राहत असेल तर लपवू नका. नातेवाईक असणं हा गुन्हा नाही, पण खोटी माहिती पकडली गेली तर कायमचा व्हिसा बंद होऊ शकतो.

आता नाव. आपल्या पासपोर्टात बहुधा ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. विद्यापीठाच्या पोर्टलवर नुसतं पहिलं नाव टाकलं की आय-20 वरून, म्हणजे प्रवेश दिल्यावर विद्यापीठ पाठवतं त्या व्हिसासाठीच्या कागदावरून, वडिलांचं नाव गळतं. आय-20 आला की पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मेल करून दुरुस्त प्रत मागा, तिच्यावर सही करा. 350 डॉलरची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंद) फी आणि 185 डॉलरची व्हिसा फी वेगवेगळी भरायची असते. दोन्हींच्या पावत्या छापून ठेवा.

आपल्या जिल्ह्यातली मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती “वडील काय करतात, उत्पन्न किती?” या प्रश्नावर. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्नमधला करपात्र आकडा छोटा दिसतो. मुलगा तोंडाने मोठा आकडा सांगतो आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. उत्तर फोडून द्या: “द्राक्षबाग आणि ऊस, खर्च वजा जाता वर्षाला इतके लाख, आईचा पगार इतका.” त्यामागे साखर कारखान्याची ऊसबिलं, हळदीच्या किंवा तासगावच्या बेदाणा सौद्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) आणि तीच रक्कम खात्यात जमा झालेली दाखवणारं बँक स्टेटमेंट हवं. मुलाखतीआधी खात्यात एकदम मोठी रक्कम आली असेल तर ती कशाची, हे दाखवणारी पट्टी सोबत असलीच पाहिजे. सातबाऱ्यावर चुलत्यांचीही नावं असतील तर सगळं क्षेत्र आपलं म्हणून सांगू नका. वडिलांच्या हिश्शाचंच सांगा. आणि जमिनीची किंमत म्हणजे फीचे पैसे नव्हेत. वीस एकर असली तरी अधिकाऱ्याला हातात येणारी रक्कम हवी असते.

त्यासाठी आय-20 वरचा एकूण खर्च पाठ करा. समजा तो 48,000 डॉलर आहे. डॉलर 88 रुपये धरला तर सुमारे 42 लाख 24 हजार होतात. मग उत्तर असं: “30 लाखांचं कर्ज मंजूर आहे, वडिलांच्या ठेवी 8 लाखांच्या, आजोबांच्या 5 लाखांच्या.” बेरीज 43 लाख, खर्चापेक्षा थोडी जास्तच. ठेव पतसंस्थेत असेल तर तिचं पत्र इंग्रजीत घ्या.

“हेच विद्यापीठ का?” याला ‘रँकिंग चांगलं आहे’ हे उत्तर अधिकारी दिवसभर ऐकतो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी कॉलेजातून सिव्हिल केलेला मुलगा जलसंपदा शिकायला निघाला असेल तर ऑगस्ट 2019 चा कृष्णेचा पूर हे त्याचं खरं कारण असू शकतं: पूर-अंदाजाचा अमुक विषय, तो शिकवणारे अमुक प्राध्यापक आणि परत आल्यावर करायचं काम. कारण तुमचं स्वतःचं असू द्या, दुसऱ्याचं पाठ केलेलं लगेच कळतं. कायदा प्रत्येक अर्जदाराला तिथे स्थायिक व्हायला निघालेला मानूनच चालतो. तसं नाही हे पटवणं तुमच्याकडे असतं.

सराव इंग्रजीत आणि उभं राहून करा. खिडकीवर काच आणि माइक असतो, आजूबाजूला गलका असतो. बसून, हळू आवाजात केलेला सराव तिथे उपयोगी पडत नाही. उत्तर दोन-तीन वाक्यांत संपवा; प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारा.

बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा वेगळ्या, साधारणपणे वेगळ्या दिवशी असतात, तेव्हा मुंबईत एक रात्र मुक्काम धरूनच निघा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरून त्याच सकाळची वेळ गाठायचा धोका पत्करू नका, गाडीला उशीर झाला तर सगळंच चुकतं. मोबाइल आत नेता येत नाही. सगळं छापील ठेवा, घरच्यांचा नंबर कागदावर लिहून घ्या. आईवडील मुलाखतीला सोबत येऊ शकत नाहीत.

मंजुरी मिळाली तर पासपोर्ट ते ठेवून घेतात. अधिकाऱ्याने दिलेल्या चिठ्ठीवर 221(जी) हे कलम असेल तर आणखी कागद किंवा तपासणी बाकी आहे. मागितलेलं तेवढंच पाठवा. 214(बी) म्हणजे नकार. त्यावर अपील नाही, मात्र नवा फॉर्म आणि नवी व्हिसा फी भरून पुन्हा जाता येतं. 12 महिन्यांच्या आत गेलात तर सेव्हिस फी पुन्हा भरावी लागत नाही. त्याआधी कोणत्या प्रश्नावर अडलात ते त्याच दिवशी लिहून काढा. तीच उत्तरं घेऊन आठवड्याभरात परत गेलात तर बहुधा तीच चिठ्ठी मिळते.