गिरणगाव चालताना: शहरातल्या पैशावर लिहू पाहणाऱ्यांसाठी

प्रवासलेखन म्हणजे लांबचा प्रवास, अशीच माझी समजूत होती. मुंबईत नोकरीला आले तेव्हा रजा साठवून डोंगरात जायचं आणि परत येऊन त्यावर लिहायचं, असा बेत होता. तो बाजूला राहिला. गेल्या बारा वर्षांत मी सगळ्यात जास्त चालले आणि लिहिलं ते करी रोड स्टेशन ते वरळी नाका या पाऊण तासाच्या पट्ट्याबद्दल. शहरातली श्रीमंती आणि शहराचं बदलणं यावर लिहायची इच्छा असलेली नवी मुलंमुली भेटतात, सुरुवात कुठून करू म्हणून विचारतात. त्यांना तोंडी जे सांगते ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

माझा पहिला लेख फसला, तिथूनच सांगते. डिलाईल रोडवरच्या एका चाळीच्या गॅलरीतून मी फोटो काढला होता. पुढे दोरीवर वाळत घातलेले कपडे, मागे काचेचा टॉवर. सोबत सातशे शब्दांचा मजकूर, त्यात 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे' किती वेळा आलं असेल ते मोजायला नको. लेख छापून आला, चार लोकांनी कौतुक केलं. ज्यांच्या गॅलरीत उभं राहून फोटो काढला त्या मावशींना अंक द्यायला गेले. त्यांनी चहा ठेवला, लेख अथपासून इतिपर्यंत वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, त्या मागच्या बिल्डिंगीत माझा धाकटा कामाला आहे. अकाउंट्सला, अकराव्या मजल्यावर. तू विचारलंच नाहीस."

खरंच विचारलं नव्हतं. मला चाळ आणि टॉवर ही दोन चित्रं दिसली होती. त्यांच्यामधून रोज सकाळी चालत जाणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा दिसला नव्हता. तेव्हापासून मी गरिबी-श्रीमंती शेजारी शेजारी मांडणं सोडून दिलं. तुमच्याही वहीत असा फोटो असेल तर तो लेखात वापरू नका. टॉवरमधून चाळीत काय येतं, चाळीतून टॉवरमध्ये कोण जातं, किती वाजता, कुठल्या दाराने, ते आधी शोधा.

त्यासाठी जमिनीची हकिकत माहीत असावी लागते. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली, १८५६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागात पन्नासहून जास्त गिरण्या झाल्या, म्हणून हे गिरणगाव. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून माणसं आली, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपली. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. म्हणून इथली म्हातारी माणसं 'संप चालू आहे' असं अजूनही म्हणतात, आणि ते म्हणताना हसत नाहीत. एवढं तर कुठेही वाचायला मिळतं. नवख्या लेखकाकडून बहुतेक वेळा जे सुटतं ते संपानंतरचं, बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते.

मला ते कळलं एका बाकामुळे. एप्रिलमधली दुपार होती, पाय दुखत होते. लोअर परळ स्टेशनपासून निघून बसायला जागा शोधायची ठरवलं. अट एकच, काही विकत न घेता बसता आलं पाहिजे. चाळीस मिनिटं चालले. बसस्टॉपचा एक बाक मिळाला, एका मारुतीच्या देवळाची पायरी मिळाली आणि शटर ओढलेल्या दुकानाचा ओटा मिळाला. बाकी जिथे जिथे सावली आणि खुर्ची होती तिथे समोर मेन्यूकार्ड होतं. इतक्या मोठ्या मोकळ्या आवारांचा हा भाग, मग सार्वजनिक बाग का सापडत नाही? घरी येऊन वाचत बसले तेव्हा उत्तर एका नियमात मिळालं.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी ५८ क्रमांकाचा नियम होता. ढोबळ सूत्र असं की जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, म्हणजे ज्यावर बांधकाम नव्हतं तेवढ्याचीच. आता गिरणीचं आवार डोळ्यासमोर आणा. साचेखातं (साचे म्हणजे कापड विणायचे माग), सूतखातं, बॉयलर, गोदामं. मोकळं अंगण ते किती असणार? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्या दुरुस्तीविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. माझ्या दुखऱ्या पायांचा आणि त्या एका शब्दाचा, 'मोकळी', संबंध होता. हिरवळ या भागात आहे, झाडंही आहेत, पण बरीचशी टॉवरच्या पोडियमवर, पार्किंगचे मजले संपतात त्याच्या वर. रस्त्यावरून मान वर केली की कुंपणाच्या काचेमागे ताडाचे शेंडे तेवढे दिसतात.

नव्याने लिहिणाऱ्याने असाच एखादा साधा प्रश्न घेऊन चालावं असं मला मनापासून वाटतं. बसायला जागा, प्यायला पाणी, बाईमाणसाला स्वच्छतागृह, सावली. 'बदलतं शहर' हा विषय हातात मावत नाही, बाक मावतो. जुलैमध्ये मोठा पाऊस पडेल त्या दिवशी हिंदमाता ते लोअर परळ चालून बघा. कुठल्या इमारतीचं जोतं रस्त्यापेक्षा किती वर आहे आणि पाणी तिथून वळून कुणाच्या उंबऱ्याशी जातं, एवढंच टिपलंत तरी एक चांगला लेख होतो.

किमतींचं मात्र जपून. आकडे वाचकाला बधिर करतात. लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने विकली, तेव्हा २००५ मध्ये ती सतरा एकरांच्या आसपासची जमीन ७०२ कोटींना गेली. घेणाऱ्याने ती २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटींना पुढे विकली. हे दोन आकडे मी एका लेखात नुसते ठेवले होते, कुणाच्याही लक्षात राहिले नाहीत. पुढच्या वेळी एवढीच भर घातली की मधल्या सात वर्षांत त्या जमिनीवर राहायला एकही माणूस आला नव्हता. त्यावर मात्र पत्रं आली.

आकडे मिळवायचे कुठून, हे बरेचजण विचारतात. नव्या प्रकल्पाची माहिती महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर असते: मंजुऱ्या, चटई क्षेत्र, ताबा देण्याची तारीख, ती किती वेळा पुढे गेली. नोंदणी झालेल्या व्यवहाराचा इंडेक्स टू, म्हणजे त्या दस्ताचा अधिकृत सारांश, नोंदणी विभागाकडे बघता येतो. जाहिरातीतला भाव आणि इंडेक्स टूमधला भाव यांत फरक असतो, लिहायचा तो दुसरा. त्या कागदावर घेणाऱ्याचं नावही असतं. ते सार्वजनिक असलं तरी लेखात टाकायचं नसतं. जुन्या काळासाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसा. बातम्यांपेक्षा जाहिराती वाचा, खानावळीच्या आणि खोलीच्या.

चाळीबद्दल हळवं होऊन लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला. सामायिक गॅलरी, उघडी दारं, गणपती, एकमेकांच्या घरची आमटी. हे सगळं खरं आहे. पण वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्या चाळी ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात बांधलेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यानंतर काही महिन्यांनी मी ओळखीच्या एका आजींना भेटायला गेले. माझ्या डोक्यात प्रश्न तयार होता, जुनं शेजारपण आठवतं का. त्यांनी मला हॉल दाखवला नाही, खिडकीतलं दृश्य दाखवलं नाही, थेट संडासाचं दार उघडून दाखवलं. "रात्री दोनदा उठावं लागतं गं मला. गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं, भिंतीला धरत. पावसाळ्यात तिथे शेवाळ. पाच वर्षं मी संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नव्हते." मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तांब्या भरला आणि माझ्यासमोर घटाघटा प्यायल्या. रात्रीचे साडेआठ वाजले होते.

शेजारपणाचा प्रश्न मी विचारला नाही. इमारतीची देखभाल पुढे कशी परवडणार, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच काढला, आणि तो खरा आहे. अशा घरांवर लिहिताना चाव्या मिळाल्याच्या दिवशी जाऊ नका, सगळेच जातात. बिलं यायला लागली की जा.

माणसांशी बोलताना वही लगेच काढू नये, रेकॉर्डर तर नाहीच. पहिल्या भेटीत फक्त ऐकावं. आणि छापायच्या आधी त्यांच्याबद्दल लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं. काही संपादकांना हे आवडत नाही. मी तरी करते. त्या मावशींच्या चष्म्यासमोर बसल्यापासून करते.

छापण्याचं थोडक्यात. दिवाळी अंकांचं काम मे-जूनपासूनच सुरू होतं. सप्टेंबरमध्ये लेख पाठवणाऱ्यांना नकारच येतो, तो मनाला लावून घेऊ नका. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांना हजार-बाराशे शब्द चालतात, फोटो तुमचा हवा. मानधनावर घर चालत नाही. मी नोकरी सोडली नाही, तुम्हीही घाईने सोडू नका. नोकरीमुळेच मी रोज तिथून जाते, आणि एकच रस्ता रोज दिसणं हे या लेखनाचं खरं भांडवल आहे.

रोज जाण्यामुळेच मला ते मागचं गेट दिसलं. जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका टॉवरला पुढे मोठी लॉबी आहे आणि मागच्या गल्लीत सर्व्हिस गेट. सकाळी सव्वासातला तिथे बायकांची रांग असते. कुणी दिव्याहून, कुणी नालासोपाऱ्याहून, कुणी जवळच्या वस्तीतून चालत. वॉचमन रजिस्टर पुढे सरकवतो, नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला देतो, त्यांची लिफ्ट वेगळी. मी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर उभी राहायचे. महिनाभर काही लिहिलं नाही. मग एका संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत जुना कुकर. वॉचमनने पिशवी उघडायला लावली. तिने ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. फ्लॅटनंबर, 'एक कुकर दिला आहे', खाली सही. त्याने कागद वाचला, सही जुळवली, कागद खिळ्याला टोचून ठेवला आणि मान हलवली. तशा चिठ्ठ्यांची जाड चळत त्या खिळ्यावर होती. चिठ्ठीशिवाय आतली कुठलीही वस्तू बाहेर जात नाही, असं तिने नंतर चालता चालता सांगितलं. "साडी दिली तरी चिठ्ठी. उरलेलं गोड दिलं तरी चिठ्ठी. आपल्यालाच बरं, उद्या कुणी काही म्हणायला नको."

त्याच आवारात ज्यांनी सव्वीस वर्षं साचे चालवले ते एक काका करी रोडला राहतात. त्यांच्या कानांनी साच्यांचा आवाज इतका घेतला आहे की बोलताना त्यांच्या उजव्या बाजूला बसावं लागतं. त्यांना मी ही चिठ्ठीची गोष्ट मोठ्याने सांगितली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गेट तेच का, मागच्या गल्लीतलं? पिंपळाजवळचं?" पिंपळ आता नाही, पण जागा तीच होती. "आमची झडती तिथंच व्हायची. पाळी सुटली की रांग. कुणी सूत नेतंय का, कापड नेतंय का." ते खाटेवरून उठले, हात खांद्याच्या रेषेत दोन्ही बाजूंना पसरले, मग खाली घेऊन डब्याची कडी काढल्यासारखं केलं, एक पुडा उचलला, दुसरा पुडा उचलला, आणि रिकामा डबा मला तिरका करून दाखवला.