पावसात भिजणाऱ्या लाकडी डेकचं फिनिश : या चुका टाळा

‘मेलामाइन मारून देतो, आरशासारखा चमकेल,’ असं पॉलिशवाला सांगतो आणि आपण हो म्हणतो. कोकणातल्या आणि लोणावळ्याकडच्या बंगल्यांचे डेक, म्हणजे उघड्यावरचे लाकडी फळ्यांचे ओटे, बहुतेक इथेच बिघडतात. मेलामाइन म्हणजे कडक, चकचकीत थर देणारं पॉलिश, ते घरातल्या कपाटासाठी ठीक आहे. लाख पॉलिश तर बाहेर लावूच नये, पाणी लागलं की पांढरं पडतं.

बाहेरचं लाकूड पावसात फुगतं आणि उन्हात आकसतं. वरचा कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही, त्याला केसाएवढ्या चिरा पडतात. त्यातून पाणी आत शिरतं आणि थराखाली अडकतं. मग लाकूड काळं पडतं, पोपडे सुटतात. अशा वेळी वरून आणखी एक हात मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जुना थर पूर्ण खरवडून लाकूड उघडं करावंच लागतं, आणि ती मजुरी नव्या फिनिशपेक्षा महाग पडते. म्हणून डेकला लाकडात मुरणारं, बाहेरच्या वापराचं डेक ऑइल किंवा स्टेन (लाकडात मुरून छटा देणारा पातळ रंग) घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते उडालं तरी पोपडे धरत नाही. धुऊन, हलकी घासणी करून पुन्हा लावता येतं.

‘लाकडाचा मूळ रंग दिसू दे’ म्हणून अगदी पारदर्शक फिनिश निवडणं ही दुसरी चूक. ऊन अडवतो तो रंगद्रव्याचा अंश. तो नसेल तर सागवानसुद्धा करडं पडतं. हलकी तपकिरी छटा घ्या, रेषा तरीही दिसतात.

नुसतं जवसाचं तेलही दमट हवेत नको, त्यावर बुरशी धरते.

आता वेळेचं. गणपती झाले, पाऊस ओसरला, की लगेच काम काढायची घाई होते. फळी वरून कोरडी दिसते, आत ओल असते. ओलाव्याच्या मीटरवर आकडा 15 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडू नका. कोकणात त्यासाठी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. मीटर नसेल तर घासलेल्या फळीवर पाण्याचे थेंब टाका. ते तसेच उभे राहिले, तर लाकूड अजून तेल प्यायला तयार नाही.

थेंब मुरत नसतील, तर कधी कधी पॉलिश पेपरही कारण असतो. 220 नंबरच्या बारीक पेपरने गुळगुळीत केलेल्या फळीत तेल कमी मुरतं. 80 ते 120 पुरे. सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून फिनिशआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

लावून दोन-तीन दिवसांनीही डेक चिकट लागत असेल, तर तेल जास्त झालंय. टर्पेंटाइनच्या फडक्याने वरचं पुसून काढा. खिळ्यांभोवती काळे डाग असतील, तर ते लोखंडाचे. ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, पण ते विषारी आहे : हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा. खिळे मात्र बदलून स्टेनलेस स्क्रू घाला, समुद्राजवळ 316 ग्रेडचे, म्हणजे खाऱ्या हवेत कमी गंजणारे.

फळीची कापलेली टोकं सगळ्यांत जास्त पाणी ओढतात, आणि नेमकी तीच कोरडी सुटतात. त्यांना दोन-तीन हात द्या.

तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.