लिनक्सवर नवे असाल तर या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून मला येणारे बरेच फोन 'लिनक्स टाकलं, पण…' असेच सुरू होतात. त्या 'पण'च्या पुढे दरवेळी काहीतरी नवीन ऐकायला मिळेल असं वाटतं, पण निघतात त्याच चार-सहा गोष्टी.

पहिली चूक डाउनलोड करतानाच होते. मोठा आकडा दिसला की माणूस तोच उचलतो. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या ज्या आवृत्तीपुढे एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) लिहिलेलं असतं तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेली २४.०४ त्यातलीच. मधल्या आवृत्त्यांना मिळतात फक्त नऊ महिने. मुदत उलटली की काही काळाने अपडेट मारल्यावर 'फाइल सापडली नाही' छापाचे एरर येऊ लागतात आणि लोकांना वाटतं इंटरनेट गेलं. रोजच्या कामासाठी एलटीएस घ्या, किंवा तिच्यावरच उभं असलेलं लिनक्स मिंट.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच अर्धा तास चालवून बघा. वायफाय, आवाज, लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडणं, एवढं तपासलं तरी पुरे. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक वेळा लगेच इंटरनेट मिळतं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर उतरवता येतो.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर

आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पार्टिशनला (डिस्कच्या विभागाला) किंवा सिक्युअर बूटला (मशीन सुरू होतानाच्या सुरक्षा-तपासणीला) हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती शोधत बसण्यासारखा मनस्ताप नाही.

दुसरी भानगड फास्ट स्टार्टअपची. विंडोज शटडाउन केलं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते अर्धवट झोपलेलं असतं आणि डिस्कवर आपला हक्क सोडत नाही. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडतो, फाइली दिसतात, पण त्यात काहीच सेव्ह होत नाही. परवानग्या बदलून काही होत नाही. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करायचं आणि नीट शटडाउन करायचं, एवढाच इलाज. घड्याळ दरवेळी काही तास पुढे-मागे होत असेल तर ती बॅटरीची तक्रार असेलच असं नाही. मशीनच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. दोघांपैकी एकाला दुसऱ्यासारखं वागायला सांगावं लागतं.

टर्मिनलमध्ये चिकटवण्याआधी

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कुठल्यातरी पानावरची आठ वर्षं जुनी कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवायची, पुढे सुडो (सगळे अधिकार देणारा शब्द) लावायचं, पासवर्ड द्यायचा आणि जे विचारेल त्याला 'वाय' म्हणायचं. २०२१ मध्ये एक नावाजलेला यूट्यूबर पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप टाकत होता. पॅकेजमधल्या एका गडबडीमुळे एपीटी (सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं साधन) अख्खा डेस्कटॉपच काढायला निघालं होतं. काय काय काढणार याची यादी एपीटीने पडद्यावर दिली, आणि 'हो, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं वाक्य टाइप करायला सांगितलं. यूट्यूबरने ते टाइप केलं. मागे उरला काळा पडदा. गडबड पॅकेजची होती हे खरं, पण इशाराही समोरच होता. एपीटी नेहमी सांगतं की काय नवं येणार, काय जाणार. 'जाणार'ची यादी लांबलचक दिसली की नकार द्या.

मी शहाणा होतो असं नाही. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली होती, त्यामुळे बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहानसं झालं. दर अपडेटला नवं कर्नल (सिस्टिमचा गाभा) येत राहिलं आणि एके दिवशी 'जागा नाही' म्हणून अपडेट अडकलं. मी थेट बूट फोल्डर उघडलं, सगळ्यात जाडजूड फाइल बघितली आणि उडवली. ती नेमकी चालू कर्नलचीच इनिटआरडी, म्हणजे सुरू होताना लागणारी फाइल, निघाली. मशीन पुन्हा सुरू केलं तर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिम सुरूच होईना. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायचा, मेनू आणला (जुन्या बायॉसवर शिफ्ट लागतं), ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडलं, तेव्हा डेस्कटॉप दिसला. नंतर एपीटी ऑटोरिमूव्हने जुनी कर्नल काढली. हे आधीच केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. अपडेटनंतर स्क्रीन काळी झाली तरी हाच मार्ग आधी करून बघा. एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर वेबसाइटवरून स्वतः उतरवून टाकणाऱ्यांवर ही वेळ जास्त येते.

सुडोचा आणखी एक प्रताप. पासवर्ड बरोबर, तरी लॉगिनचा पडदा फिरून समोर. डिस्क भरली असली तर असं होतं, किंवा एखादं ग्राफिकल ॲप सुडोने चालवल्यामुळे होम फोल्डरमधल्या काही फाइली रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) नावावर गेल्या असल्या तर. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबलं की साधी काळी कन्सोल मिळते. तिथे लॉगिन करून आधी किती जागा उरली आहे ते बघा, मग फाइलींची मालकी. 'काम होत नाही' म्हणून सगळ्या फाइलींना ७७७ (सर्वांना सगळ्या परवानग्या) वाटत सुटू नका.

किरकोळ, पण डोकं खाणारं: लिबरऑफिसमध्ये स्टाइलचा फॉन्ट बदलला तरी देवनागरी मजकूर ढिम्म. कारण आपली लिपी तिथे सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) या वेगळ्या खान्यात धरली जाते. फॉन्ट आणि आकार त्या खान्यात बदला. पेनड्राइव्ह मात्र इजेक्ट केल्याशिवाय ओढू नका. कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसते तेव्हाही काही मजकूर मेमरीतून उतरायचा बाकी असू शकतो.

आणि टाइमशिफ्ट. मिंटमध्ये ते आधीपासूनच असतं, पहिल्याच दिवशी सुरू करा. फक्त ते सिस्टिमची प्रत ठेवतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं असलेलं होम फोल्डर मुद्दाम सांगितल्याशिवाय त्यात धरलं जात नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी बाहेरची डिस्क लागेलच.