खुकरी घेताना कारागीर कसा पारखावा

काठमांडूच्या ठमेल भागात दुकानादुकानांत खुकऱ्या, म्हणजे वाकड्या पात्याचे नेपाळी सुरे, टांगलेल्या दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याच भिंतीवर लावायच्याच असतात. कामाची हवी असेल तर नक्षीकडे न बघता दुकानदाराला विचारा: पोलाद कुठलं आणि पाणी कसं दिलंय? पूर्व नेपाळातल्या भोजपूर, धरानकडचे विश्वकर्मा (लोहारकाम करणाऱ्या समाजातले) कारागीर बहुधा ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे वापरतात आणि तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाणी ओततात. त्यामुळे धार कडक होते, पाठ मात्र चिवट राहते. दोन कारागिरांची तुलना इथेच करावी. परवानगी घेऊन बारीक कानस हलकेच फिरवा. धारेवर ती घसरली पाहिजे, पाठीवर लागली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच लागली तर पातं शोभेचं समजा.

मग मूठ. पानावाल प्रकारात पोलाद मुठीच्या टोकापर्यंत दिसतं, दोन्ही बाजूंना रिबिटं असतात. लाकूड तोडायला हीच घ्या. शेपटीसारखा बारीक दांडा लाखेने बसवलेली मूठ परंपरेतलीच, हलकीही असते, पण हलवून बघा. जराही खुळखुळली तर नको.

म्यानात कर्द ही छोटी सुरी आणि चकमक हे धार लावायचं छोटं बोथट पातं, अशी दोन पाती असतात. ती कशीतरी उरकलेली दिसली, तर मोठ्या पात्यावरही फारशी मेहनत घेतलेली नसते, असं माझं मत. आणि परतीच्या विमानात खुकरी हातातल्या बॅगेत नको, चेक-इन सामानातच ठेवा.